सिगारेट सोडायची म्हणून व्हेप घेतलं, पण त्याने सिगारेट सुटते का?

दुपारचं जेवण झालं की ऑफिसखालच्या टपरीवर जायचं, एक कटिंग आणि एक सुट्टा. पुण्यात हिंजवडी असो की मुंबईत बीकेसी, हे चित्र काही नवीन नाही. पण गेल्या काही वर्षांत या घोळक्यात एक नवी वस्तू दिसायला लागलीय. पेनड्राइव्हएवढी, रंगीत, ओढली की तंबाखूच्या धुराऐवजी आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा वास. हे काय म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "अरे, सिगारेट सोडतोय. त्यासाठीच घेतलंय."

शेजारी उभा असलेला दुसरा मित्र लगेच म्हणतो, "मी पण सोडतोय. आधी दिवसाला दहा व्हायच्या, आता चारच. हळूहळू सुटेल."

दोघंही खोटं बोलत नसतात. दोघांनाही खरंच सोडायची असते. पण एकाने रस्ता बदललाय आणि दुसऱ्याने वेग कमी केलाय. यातलं कोण खरंच सिगारेटच्या बाहेर पडतं?

याच्याच जोडीला अजून एक कोडं आहे. जी वस्तू विकल्याबद्दल भारतात तुरुंगात जावं लागू शकतं, तीच वस्तू इंग्लंडमध्ये सरकार लोकांना फुकट देतंय. दोन्हीकडे डॉक्टर आहेत, दोन्हीकडे संशोधन आहे. मग उत्तरं एवढी वेगळी कशी?

नीट बघू.

आधी हे समजून घ्या, की व्हेप म्हणजे काय?

सिगारेटमध्ये तंबाखू जळतो आणि सगळा घोळ या जळण्यात आहे. तंबाखू जळला की हजारो रसायनं तयार होतात, डांबर तयार होतं, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. कॅन्सर, हार्ट अटॅक, फुफ्फुसांचे आजार हे मुख्यतः या धुरामुळे होतात. निकोटीनचं काम वेगळं आहे. ते तुम्हाला परत परत टपरीवर आणतं. म्हणजे सवय लावतं निकोटीन आणि जीव घेतो धूर.

व्हेपमध्ये जळत काही नाही. आत बॅटरी असते, एक छोटी कॉइल असते आणि लिक्विड असतं. या लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटीन असतं. ओढलं की कॉइल तापते, लिक्विडची वाफ होते आणि ती छातीत जाते.

आज ज्या स्वरूपात व्हेप दिसतं त्याचं श्रेय हॉन लिक या चिनी फार्मासिस्टला दिलं जातं. ते स्वतः सिगारेटचे व्यसनी होते आणि त्यांचे वडील फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले. २००३ मध्ये त्यांनी हे यंत्र बनवलं तेव्हा कल्पना साधी होती. माणसाला निकोटीन द्यायचं, धूर द्यायचा नाही.

कल्पना कागदावर बरोबर आहे. प्रश्न असा आहे की प्रत्यक्षात काय झालं?

इंग्लंड म्हणतंय, सिगारेट फेका आणि हे घ्या

२०१५ मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेने एक अहवाल काढला. त्यातलं एक वाक्य जगभर गाजलं, ते म्हणजे व्हेप सिगारेटपेक्षा अंदाजे ९५ टक्के कमी घातक आहे. आजही तुम्हाला इन्स्टाग्रामवर व्हेप विकणारा भेटला तर तो हाच आकडा तुमच्या तोंडावर फेकतो.

हा आकडा आला कुठून, हे मात्र तो सांगत नाही. त्याच्या मुळाशी २०१४ मधला एक अभ्यास होता. त्यात काही तज्ज्ञांनी एकत्र बसून १२ प्रकारच्या निकोटीनच्या उत्पादनांना घातकपणाचे गुण दिले होते. म्हणजे हजारो व्हेप ओढणाऱ्यांना ३० वर्षं तपासून काढलेला हा आकडा नाही. तो तज्ज्ञांचा अंदाज आहे. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तेव्हाच या पायावर जाहीर टीका केली होती.

तरीही मूळ मुद्दा बऱ्याच शास्त्रज्ञांना मान्य आहे. सिगारेट पूर्ण सोडून फक्त व्हेपवर गेलेल्या माणसाच्या शरीरात धुरातली विषारी रसायनं खूप कमी जातात. नक्की किती टक्के कमी, यावर वाद आहे. कमी जातात, यावर फारसा नाही.

याच भरवशावर एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंडमधल्या १० लाख सिगारेट ओढणाऱ्यांना व्हेपचं किट देण्याची योजना जाहीर केली. योजनेचं नाव 'स्वॅप टू स्टॉप', म्हणजे सोडण्यासाठी बदला. ब्रिटनमध्ये २०११ साली २०.२ टक्के प्रौढ सिगारेट ओढायचे, २०२३ मध्ये हे प्रमाण ११.९ टक्क्यांवर आलं. हे सगळं व्हेपमुळे झालं असं म्हणता येणार नाही, कारण तिथे सिगारेट प्रचंड महाग झाली, पाकिटं एकसारखी साधी झाली, बंद जागेत ओढायला मनाई आहे. पण व्हेपचा त्यात हात आहे असं तिथले आरोग्य अधिकारी मानतात.

मग सुटते की नाही?

इथे एका प्रयोगाची गोष्ट सांगायलाच हवी. लंडनच्या संशोधकांनी तो केला आणि २०१९ मध्ये तो 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला.

सिगारेट सोडू इच्छिणारी ८८६ माणसं घेतली. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला व्हेप दिलं. दुसऱ्याला निकोटीनचं गम, पॅच वगैरे औषधं दिली. दोन्ही गटांना किमान चार आठवडे समुपदेशन दिलं. वर्षभराने तपासलं.

औषधांच्या गटात ९.९ टक्के लोकांची सिगारेट सुटली होती. व्हेपच्या गटात १८ टक्के लोकांची, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

व्हेपवाले इथे थांबतात. आपण थांबायचं नाही, कारण याच प्रयोगात पुढची ओळ आहे. व्हेपच्या गटात ज्यांची सिगारेट सुटली होती, त्यातले ८० टक्के लोक वर्षभरानंतरही व्हेप ओढतच होते. औषधांच्या गटात ज्यांची सुटली, त्यातले फक्त ९ टक्के अजून औषध घेत होते.

हाच हिशोब माणसांत मांडू. व्हेपच्या गटात ४३८ जण होते. त्यातल्या ७९ जणांची सिगारेट सुटली, पण ६३ जण व्हेपला चिकटले. सिगारेटही नाही आणि व्हेपही नाही, असे उरले १६. औषधांच्या गटात ४४६ जण होते. सुटली फक्त ४४ जणांची, पण दोन्हीतून मोकळे झाले ४०.

म्हणजे प्रश्न कसा विचारता त्यावर उत्तर ठरतं. "सिगारेट सुटते का?" असं विचारलं तर व्हेप पुढे. "निकोटीन सुटतं का?" असं विचारलं तर गम आणि पॅच पुढे. ब्रिटनने पहिला प्रश्न विचारला, कारण त्यांच्या मते धूर थांबला की जीव वाचतो, निकोटीनचं नंतर बघू. हा विचार चुकीचा आहे असं नाही. पण टपरीवरचा आपला मित्र जेव्हा "सोडतोय" म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात दुसरा प्रश्न असतो. त्याला सगळ्यातूनच सुटायचं असतं.

अजून एक गोष्ट. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून बघणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा निष्कर्षही असाच आहे. निकोटीन असलेलं व्हेप वापरून १०० पैकी साधारण ८ ते १० जणांची सिगारेट सुटते, गम किंवा पॅचने ६ जणांची आणि काहीच मदत नसेल तर ४ जणांची. व्हेप पुढे आहे हे खरं. पण १०० पैकी ९० जणांची त्यानेही सुटत नाही, हेही तेवढंच खरं.

दोन्ही ओढणारे

या ९० जणांचं काय होतं? त्यातले बरेच जण दोन्ही ओढायला लागतात. ऑफिसात, गाडीत, बाथरूममध्ये व्हेप, आणि टपरीवर, दारू पिताना सिगारेट. आधी जिथे सिगारेट ओढता येत नव्हती, तिथेही आता निकोटीन मिळायला लागतं. सिगारेट दहाची सहा होते आणि माणसाला वाटतं आपण जवळ आलो. खरं तर धूर सुरूच असतो आणि निकोटीनचा एकूण डोस तेवढाच राहतो, कधी वाढतोही.

सिगारेट विझली की संपते, हा तिचा एक नकळत फायदा आहे. व्हेपला शेवट नसतो. किती झुरके घेतले, कोण मोजतं?

त्यात लिक्विडमध्ये निकोटीन किती, हा प्रश्न. ब्रिटन आणि युरोपात कायद्याने मर्यादा आहे, एका मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम. अमेरिकेत अशी मर्यादा नव्हती, तिथे गाजलेल्या 'जूल' या ब्रँडमध्ये हे प्रमाण ५९ मिलिग्रॅमपर्यंत होतं. त्याचा परिणाम काय झाला? २०१९ च्या अमेरिकेतल्या सरकारी पाहणीत हायस्कूलमधल्या २७.५ टक्के मुलांनी गेल्या महिनाभरात व्हेप ओढल्याचं सांगितलं. यातल्या बऱ्याच पोरांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढलेली नव्हती. त्यांना सोडायला काही नव्हतंच, त्यांनी व्हेपनेच सुरुवात केली. पुढे तिथे कडक पावलं उचलली गेली आणि २०२४ पर्यंत हे प्रमाण ७.८ टक्क्यांवर आलं.

आणि जूलमध्ये पैसा कोणी लावला होता माहितीय? डिसेंबर २०१८ मध्ये 'आल्ट्रिया' या कंपनीने १२.८ अब्ज डॉलर देऊन त्यातला ३५ टक्के हिस्सा घेतला. आल्ट्रिया म्हणजे अमेरिकेत मार्लबोरो विकणारी कंपनी. सिगारेट सोडवणाऱ्या वस्तूत सिगारेट विकणाऱ्याने पैसा लावला, यातून काय ते समजा.

भारताने बंदी घातली ती अशी

२०१९ च्या मे महिन्यात आयसीएमआरने, म्हणजे देशातल्या सर्वोच्च वैद्यकीय संशोधन संस्थेने, ई-सिगारेटवर पूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबर २०१९ ला मंत्रिमंडळाने अध्यादेश मंजूर केला आणि अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पत्रकार परिषदेत तो जाहीर केला. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला.

कायद्यानुसार ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निकोटीन नसलेलं व्हेपही यात येतं, त्यामुळे "माझ्यात निकोटीन नाहीये" हा बचाव चालत नाही.

या यादीत 'ओढणं' नाही, हे खरं. पण आरोग्य मंत्रालयाची भूमिका अशी आहे की ते कोणत्याही स्वरूपात बाळगणं हेही कायद्याचं उल्लंघन आहे. त्यामुळे लंडनहून किंवा दुबईहून येणाऱ्या भावाला "येताना एक घेऊन ये" म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा. आयात बंद आहे आणि विमानतळावर कस्टम उभं असतं.

सरकारचा युक्तिवाद सरळ होता. पिढी नवीन व्यसनाला लागायच्या आधीच दार बंद करा. तेव्हा अमेरिकेत नेमकं काय चाललं होतं ते वर बघितलंच. त्याच सुमारास अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसांना गंभीर इजा होण्याची साथ आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात भरती झाले आणि ६८ जणांचा मृत्यू झाला. पुढे तपासात कळलं की यातल्या बहुतेकांनी गांजातला टीएचसी हा घटक असलेली लिक्विड वापरली होती, त्यातली बरीच काळ्या बाजारातली, आणि त्यात घट्टपणासाठी व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टीकाही झाली. कमी घातक वस्तू बंद आणि जास्त घातक सिगारेट कोपऱ्याकोपऱ्यावर चालू, हे कसं? अध्यादेशाच्या दिवशी सिगारेट कंपन्यांचे शेअर वर गेले. देशातली सगळ्यात मोठी सिगारेट कंपनी असलेल्या आयटीसीमध्ये सरकारी एलआयसीची मोठी हिस्सेदारी आहे, यावरही बोट ठेवलं गेलं. हा प्रश्न अजून संपलेला नाही आणि विचारणाऱ्यांचं काही चुकतंय असंही नाही.

पण भारत एकटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या माहितीनुसार ३४ देशांत ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी होती. आणि व्हेप वाटणाऱ्या ब्रिटननेसुद्धा १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद केली, कारण शाळकरी पोरांच्या हातात तीच दिसत होती आणि तिचा कचराही होत होता.

बंदी आहे, मग टपरीवर येतं कुठून?

याचं उत्तर महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे गुटखा २०१२ पासून बंद आहे. बंद आहे म्हणून मिळत नाही, असं छातीठोक कोण सांगेल?

व्हेपचंही तेच. बहुतेक माल चीनमध्ये बनतो आणि चोरट्या मार्गाने येतो. महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, बंदरांवर कंटेनरच्या कंटेनर पकडलेत. २०२३ मध्ये आरोग्य मंत्रालयाला पुन्हा नोटीस काढावी लागली आणि बेकायदा विक्रीची तक्रार करायला वेगळं पोर्टल सुरू करावं लागलं. कायदा पाळला जात असता तर याची गरज पडली नसती.

आता मुद्द्याची गोष्ट. ब्रिटनमधला तो १८ टक्क्यांचा प्रयोग ज्या व्हेपवर झाला, ते नियमात बसणारं होतं. त्यात निकोटीन किती हे ठरलेलं, लिक्विडमध्ये काय हे नोंदवलेलं, आणि सोबत दर आठवड्याला बोलणारा समुपदेशक.

टपरीवाला काउंटरखालून जे काढून देतो, त्यात यातलं काय आहे? डब्यावर २ टक्के लिहिलंय की ५ टक्के, ते खरं की खोटं, आत काय मिसळलंय, बॅटरी कसली आहे, कोणी तपासलंय? कोणीच नाही. अमेरिकेतली ती ६८ माणसं आठवा. तिथेही घात केला तो मुख्यतः न तपासलेल्या मालाने.

म्हणून "ब्रिटनमध्ये सिद्ध झालंय" हे वाक्य आपल्या टपरीवर लागू होत नाही. नाव एकच असलं तरी ती वस्तू वेगळी आहे. व्हेप चांगलं की वाईट हा वाद घालत बसायची गरज भारतातल्या माणसाला नाही. त्याने एवढंच विचारावं, की मला जे मिळतंय ते नक्की काय आहे.

आणि तो चार सिगारेटवाला मित्र?

त्याच्याकडे वळू, कारण आपल्यातले जास्त लोक त्याच्यासारखे असतात.

कमी करणं चांगलं, असं आपल्याला वाटतं. दहाची चार म्हणजे धोकाही चाळीस टक्केच उरला, असा हिशोब आपण मनात करतो. हृदय हा हिशोब मानत नाही. २०१८ मध्ये 'बीएमजे'मध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणात असं दिसलं की दिवसाला २० सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जास्तीचा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही असतो. वीसची एक केली तरी धोका विसावा हिस्सा होत नाही, निम्म्याच्या आसपास राहतो. कॅन्सरचा धोका कमी ओढल्याने बराच उतरतो, पण हार्ट अटॅकच्या बाबतीत 'थोडीशी' असं काही नसतं.

दुसरं म्हणजे शरीर हुशार असतं. सिगारेट कमी केल्या की माणूस नकळत झुरका खोल घेतो, धूर जास्त वेळ आत ठेवतो, थोटूक पार बोटाला चटका बसेपर्यंत ओढतो. चारमधूनच सहाचं निकोटीन वसूल करतो.

आणि तिसरं, सुटी सिगारेट. पाकीट घेणं बंद केलं, आता सुटी घेतो, म्हणजे कंट्रोल आला असं अनेकांना वाटतं. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट आणि बिडीच्या विक्रीवर बंदी घातली. त्यामागे एक कारण असं की सुटी घेणाऱ्याला पाकिटावरचा इशाऱ्याचा फोटोही दिसत नाही आणि पैसेही जाणवत नाहीत. बंदी कागदावर आहे आणि सुटी टपरीवर आहे, ते सोडा. पण सुटीमुळे 'फक्त एकच' म्हणणं सोपं होतं, हे ओढणाऱ्या प्रत्येकाला आतून माहिती असतं.

मग हळूहळू सोडणं चुकीचं का? तसं नाही. इंग्लंडमध्येच ६९७ जणांवर एक प्रयोग झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने ठरलेल्या दिवशी एकदम सोडली. दुसऱ्या गटाने त्या दिवसाच्या आधीच्या दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने ७५ टक्के कमी केली आणि मग सोडली. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के टिकून होते, हळूहळू सोडणाऱ्यांपैकी ३९.२ टक्के. सहा महिन्यांनी हेच आकडे २२ आणि १५.५ टक्के होते. इतर अभ्यास एकत्र करून बघितले तर हा फरक एवढा ठळक दिसत नाही, दोन्ही पद्धती साधारण सारख्याच ठरतात.

पण या प्रयोगातल्या 'हळूहळू'कडे नीट बघा. त्यांचं हळूहळू दोन आठवड्यांचं होतं, शेवटची तारीख ठरलेली होती आणि दोन्ही गटांना पॅच, गम आणि समुपदेशन मिळत होतं. आपलं हळूहळू कसं असतं? तारीख नाही, मदत नाही आणि दिवाळीनंतर, या प्रोजेक्टनंतर, लग्नानंतर. त्याला टाळणं म्हणतात.

महाराष्ट्राची गोष्ट वेगळीच

इथे एक आकडा बघा. २०१६-१७ च्या ग्लोबल ॲडल्ट टोबॅको सर्व्हे या सरकारी पाहणीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू कोणत्या ना कोणत्या स्वरूपात घेतात. पण ओढणारे फक्त ३.८ टक्के. धूर नसलेला तंबाखू घेणारे २४.४ टक्के.

म्हणजे आपल्याकडचा खरा प्रश्न चुन्याच्या डबीत, माव्याच्या पुडीत, विदर्भातल्या खर्ऱ्यात आणि सकाळी आजीच्या दातांवर फिरणाऱ्या मिश्रीत आहे. या लोकांसाठी व्हेपचा वाद कामाचाच नाही. धूर काढून टाकायचा हा व्हेपचा सगळा युक्तिवाद, आणि इथे धूर मुळात नाहीच. तोंडाचा कॅन्सर मात्र आहे.

सोशल मीडियावर चर्चा व्हेपची होते कारण ते शहरात दिसतं आणि इंग्रजीतून येतं. मिश्री लावणाऱ्या बाईचं रील कोणी करत नाही. सोडायला मदत तिलाही लागते.

मग सोडायची असेल तर करायचं काय?

पहिलं, तारीख ठरवा. पुढच्या दोन आठवड्यांतली. कमी करत जायचं असेल तर करा, पण त्या तारखेपर्यंतच. घरात एका माणसाला ती तारीख सांगून ठेवा.

दुसरं, निकोटीनची सोय औषधातून करा. भारतात निकोटीनचं गम आणि पॅच कायदेशीर आहेत. २ मिलिग्रॅमचं गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं. २०२२ मध्ये ही औषधं देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आली. गम चघळत राहायचं नसतं, हे बऱ्याच जणांना माहिती नसतं. थोडं चावायचं, झणझणलं की गालात दाबून ठेवायचं, झणझण गेली की परत चावायचं. नुसतं चघळलं तर निकोटीन पोटात जातं, मळमळतं, आणि लोक म्हणतात, "गमने काही होत नाही." दिवसाला जास्त ओढत असाल, हृदयाचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. व्हेरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांच्याच सल्ल्याने.

तिसरं, फोन करा. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन आहे, फोन फुकट. हा नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, आपण फोटोकडे बघायचं टाळतो म्हणून तो दिसत नाही. २०१६ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही सेवा २०१८ मध्ये वाढली आणि त्यात मुंबईचं टाटा मेमोरियलही आलं. तंबाखू आणि मिश्री सोडायची असली तरी हाच नंबर.

चौथं, तलफ म्हणजे काय ते ओळखा. ती येते, काही मिनिटं जोरात राहते आणि जाते. तेवढी मिनिटं काढायची असतात. पाणी प्या, चक्कर मारा, कोणाला तरी फोन लावा. पहिला आठवडा सगळ्यात वाईट असतो. चिडचिड होते, झोप लागत नाही, भूक वाढते. तीन-चार आठवड्यांत हे बरंच उतरतं. चहा आणि सिगारेट ही जोडी असेल तर काही दिवस चहाची जागाच बदला.

पाचवं, एक ओढली म्हणून सगळं गेलं असं समजू नका. बहुतेकांची पहिल्या प्रयत्नात सुटत नाही. ज्यांची सुटली तेही आधी दोन-चारदा पडलेलेच असतात.

आणि परदेशात राहणाऱ्या, व्हेप कायदेशीर असलेल्या देशातल्या वाचकांसाठी एवढंच. व्हेपवर जायचंच असेल तर सिगारेट त्याच दिवशी पूर्ण बंद करा, दोन्ही एकत्र नको. लिक्विडमधलं निकोटीन टप्प्याटप्प्याने उतरवा आणि व्हेप सोडायचीही तारीख ठरवा. नाहीतर त्या प्रयोगातल्या ६३ जणांत तुमचा नंबर लागेल. आणि कधीच सिगारेट ओढली नसेल तर व्हेपकडे वळायचं एकही कारण नाही.

शेवटी

ब्रिटन आणि भारत एकाच वस्तूबद्दल उलटं बोलतात, कारण दोघांनी वेगवेगळे प्रश्न विचारलेत. ब्रिटनने विचारलं की जे ओढतातच, त्यांना कमी मरायला कसं लावू. भारताने विचारलं की जे अजून ओढत नाहीत, त्यांना लागू नये म्हणून काय करू. दोन्ही प्रश्न खरे आहेत. भारताच्या उत्तरात एक भोक मात्र राहिलंय. व्हेप बंद केलं, सिगारेट चालू ठेवली आणि सोडू बघणाऱ्याच्या हाती काय द्यायचं ते नीट पोहोचवलंच नाही. गम मेडिकलच्या कपाटात मागे असतं आणि सिगारेट टपरीवर पुढे.

सोडल्यावर एका दिवसात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. एका वर्षात हृदयविकाराचा जास्तीचा धोका निम्म्यावर येतो. यासाठी आंब्याच्या वासाची वाफ लागत नाही.

उद्या टपरीवर तो मित्र भेटला आणि "सोडतोय" म्हणाला, तर त्याला एकच विचारा. तारीख कोणती?